क्यूआर अ‍ॅपचं ४ लाखांचं कर्ज घेऊ का? (मिठाईचे डबे, गांधीबाग)

पुठ्ठेवाला_गांधीबाग

नमस्कार मंडळी. या आठवड्यातच काय ते ठरवायचं आहे, म्हणून थेट विचारतो.

नागपूरला गांधीबागेत आमचं मिठाईचे डबे आणि लग्नपत्रिकांचं काम आहे, बाबांच्या काळापासून. छपाई बाहेर करून घेतो, पुठ्ठा डब्याच्या आकारात कापायची डाय-पंचिंगची मशीन घरची आहे आणि पेस्टिंग पाचपावलीतल्या बाया घरी नेऊन करतात, हजारी भावानं. वर्षाची उलाढाल ७० लाखांच्या आसपास. पत्रिकांचा त्यात वाटा फार थोडा उरलाय, लोक व्हॉट्सअ‍ॅपवरच निमंत्रण धाडून मोकळे होतात. डबे मात्र चालतात. संत्रा बर्फीवाले, फरसाणवाले, दोन-तीन बेकऱ्या, थोडा माल भंडारा आणि उमरेडला जातो.

अडचण अशी की गेल्या दिवाळीत आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं अर्धा माल रायपूरहून उचलला. भावासाठी नाही, वेळेसाठी. तिकडे फोल्डर-ग्लूअर, म्हणजे डबे दुमडून चिकटवायची मशीन आहे, आमच्याकडे हात आहेत. सणाच्या तोंडावर लाख डबे हातानं चिकटवून होत नाहीत. आता एक सेकंड-हँड मशीन ९ लाखांत मिळून राहिली आहे. मालक म्हणतो १ लाख इसार द्या, थांबतो. शिवाय राखीच्या आधी पुठ्ठा भरून ठेवावा लागतो, त्याला ३ लाख तरी पाहिजेत.

बँकेत दोनदा जाऊन आलो. दर वेळी नवीन यादी हातात देतात. आणि इकडे काउंटरवर ज्या अ‍ॅपचा क्यूआर लावलाय, ते रोज सांगून राहिलं आहे की ४ लाख मंजूर, दोन मिनिटांत खात्यात. मुदत १ वर्ष, रोज १,२८० रुपये कापणार, प्रोसेसिंग ३ टक्के अधिक जीएसटी. व्याज महिन्याला १.४ टक्के दाखवतात. काही गहाण नाही.

घेऊ का? कोणी घेतलं असेल तर खरं काय ते सांगा.

बर्डी_मोबाइल

भाऊ, मी घेतो. दोनदा फेडून झालं, तिसरं चालू आहे. सीताबर्डीला मोबाइलचे कव्हर, चार्जर, इअरफोनचं दुकान आहे. माल आला की आठ-दहा दिवसांत निघून जातो, नगदी किंवा यूपीआय. रोजचा हप्ता रोजच्या गल्ल्यातून जातो, कळतही नाही. महाग आहे हे मान्य, पण बँकेनं मला उभं केलं नव्हतं. दुकान भाड्याचं, आयकर रिटर्न दोनच वर्षांचं. त्या वेळी या पैशानं दिवाळीचा माल भरला म्हणून दुकान टिकलं. तुमचं गिऱ्हाईक किती दिवसांनी पैसे देतं, त्यावर सगळं आहे.

इतवारीची_हिशेबनीस

बर्डीवाल्या दादांनी शेवटच्या ओळीत लाखमोलाचं सांगितलं आहे. मी इतवारीत बसून छोट्या दुकानदारांचे जीएसटी आणि आयकराचे कागद करते. किराणा, कापड, होजियरी, दोन छापखानेही आहेत. तुमचा प्रश्न मी दर हंगामात ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते. लांबेल, पण वाचा.

आधी त्या १.४ टक्क्यांचं बघू. रोज १,२८० प्रमाणे ३६५ दिवसांत तुम्ही ४,६७,२०० भरणार. हातात किती येणार? ४ लाखांतून ३ टक्के म्हणजे १२,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,१६० कापून ३,८५,८४०. म्हणजे वरचे ८१,३६० रुपये हा खर्च. आता खरी गोम अशी की ४ लाख तुमच्याजवळ वर्षभर राहतच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून परत जायला लागतात. वर्षाची सरासरी काढली तर तुमच्या हाती दोन लाखांच्या आतबाहेरच रक्कम असते. दोन लाखांवर ८१ हजार. वार्षिक दर ४० टक्क्यांच्या घरात जातो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, अ‍ॅपमध्येच कर्जाचा मुख्य तथ्य तक्ता (की फॅक्ट स्टेटमेंट) असतो, रिझर्व्ह बँकेनं तो बंधनकारक केलाय. त्यात फी धरून वार्षिक टक्केवारी लिहिलेली असते. 'मान्य आहे' दाबण्याआधी तो उघडा. घेतल्यावर पश्चात्ताप झाला तर दंड न भरता परत करायची मुदतही त्यातच दिलेली असते. ती फार छोटी असते, कधी कधी एकच दिवस.

पण दर हा माझा मुख्य आक्षेप नाही. ४० टक्क्यांचा पैसाही कधी कधी परवडतो, बर्डीच्या दादांना परवडतोच आहे. माझा आक्षेप हप्त्याच्या तालाला आहे. तुमच्या काउंटरचा क्यूआर कधी वाजतो? लग्नसराईत. अ‍ॅपनं तोच काळ बघून तुम्हाला ४ लाखांच्या लायक ठरवलं. आषाढ लागला की मुहूर्त संपले, थेट तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू. नेमक्या त्याच चार महिन्यांत तुम्ही डबे करून करून मिठाईवाल्यांना उधारीवर देत असता. राखी, पोळा, तान्हा पोळा, गणपती, दसरा. राखीच्या डब्यांचे पैसे तुमच्या हातात कधी पडतात? माझ्याकडच्या छापखान्यांना ते दसऱ्याच्या आसपास मिळतात. म्हणजे पैसा अडकलेला असताना तुमच्या खात्यातून महिन्याला ३८,४०० जात राहणार. खात्यात शिल्लक नसली की मॅंडेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) बाउन्स, बाउन्सचा बँकेचा दंड वेगळा, आणि हप्ता रोजचा असल्यानं आठवड्यातून तीन-तीनदा. मग सिबिलवर डाग. मग पुठ्ठेवाल्याकडून उधारीच्या भावानं माल. मग अ‍ॅपचं 'टॉप-अप'.

माझ्या एका गिऱ्हाइकाची सक्करदऱ्याकडे बेकरी होती. बंद झाली त्या वर्षीही ताळेबंदात नफा दिसत होता. मी स्वतः तो बनवला होता. शाळा-कॅन्टीनची बिलं दोन-अडीच महिन्यांनी येत आणि तीन अ‍ॅपचे हप्ते रोज जात. धंदा वाईट नव्हता, पाव चांगला होता, माणूस मेहनती होता. आजही मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कोणीतरी वेळेवर तारखा शेजारी-शेजारी मांडून दाखवल्या असत्या तर ती भट्टी चालू असती.

आता तुमच्या कामाची गोष्ट, आणि ही नीट वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पुठ्ठ्याच्या डब्यांवरचा जीएसटी ५ टक्के झाला. पण डबा ज्या डुप्लेक्स बोर्डाचा बनतो, त्यावर १८ टक्के लागतो. तुम्ही १८ भरून घेता आणि ५ लावून विकता. मधला फरक जातो कुठे? जीएसटी पोर्टलवर तुमच्या इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे भरलेल्या कराच्या जमाखात्यात, पडून राहतो. समजा वर्षाला ४० लाखांचा पुठ्ठा घेता, त्यावर ७ लाख २० हजार कर भरला. ७० लाखांचे डबे विकून ५ टक्क्यांनी साडेतीन लाख गोळा केला. उरले ३ लाख ७० हजार. भाऊ, जेवढं कर्ज तुम्ही ४० टक्क्यांनी काढायला निघालात, जवळपास तेवढा तुमचाच पैसा वर्षभरात सरकारकडे साचतो.

हा परत मागता येतो. कच्च्या मालावरचा कर विक्रीवरच्या करापेक्षा जास्त असला तर सीजीएसटी कायद्याच्या कलम ५४(३) खाली परतावा मिळतो, अर्ज आरएफडी-०१. दोन वर्षांच्या आत करायचा. नेमकी रक्कम सूत्रानं निघते, पत्रिकांची विक्री त्यात वेगळी पडेल, म्हणून वरच्या आकड्यापेक्षा कमीच धरा. आणि दोन गोष्टी आधीच सांगते, नाहीतर नंतर धक्का बसेल. एक, छपाई तुम्ही बाहेर करून घेता, ती सेवा आहे. सेवांवरचा कर या परताव्यात येत नाही. दोन, मशीनवरचा करही येत नाही. मशीनवाल्यानं ९ लाखांवर १८ टक्के लावले तर १ लाख ६२ हजार होतात. ते क्रेडिट तुम्हाला मिळेल, पण रोख हातात येणार नाही, विक्रीच्या करातून हळूहळू वळतं होईल. म्हणून मशीनचं बजेट ९ नाही, १० लाख ६२ हजार धरा.

तुमचा पुठ्ठेवाला वेळेवर रिटर्न भरतो ना, हे पोर्टलवरच्या टू-बी स्टेटमेंटमध्ये, म्हणजे खरेदीवर मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, नियमित बघत जा. त्यानं भरलं नाही तर तुमचं क्रेडिट दिसतच नाही, मग परतावा कशाचा मागणार?

तुम्ही मला एवढं सांगा: जीएसटीत रेग्युलरमध्ये आहात की कंपोझिशनमध्ये (ठोक कर, क्रेडिट नाही)? उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी आहे का? क्यूआरचे पैसे कोणत्या खात्यात जातात? आणि बँकेत नेमकं काय मागितलं होतं?

पुठ्ठेवाला_गांधीबाग

ताई, मनापासून आभार. आमच्याकडे जो माणूस रिटर्न भरतो त्यानं या परताव्याबद्दल शब्दही काढला नव्हता. आज लेजर उघडून बघितलं, खरंच रक्कम साचली आहे.

रेग्युलर आहे, तिमाही रिटर्न. उद्यम २०२१ पासून आहे, मॅन्युफॅक्चरिंगमध्ये. काउंटरचा क्यूआर आईच्या बचत खात्याला जोडला आहे, सुरुवातीला तसाच लागला होता. बँकेत म्हटलं की १५ लाख पाहिजेत, मशीन आणि मालासाठी. त्यांनी घराचे कागद मागितले. घर काकांसोबत सामायिक आहे, ते होणार नाही.

मिठाईवाल्यांचे पैसे ६० ते ७५ दिवसांनी येतात. आणखी एक मनात आहे. मशीन आली तर त्या बायांचं काय? आठ-दहा घरं आहेत. काही जणी आईच्या वेळेपासूनच्या आहेत.

हिंगणा_टर्निंग

राम राम. माझं हिंगणा एमआयडीसीत टर्निंगचं जॉबवर्क आहे, आधी दोन साधे लेथ होते, आता एक सीएनसी पण आहे. डब्यातलं मले समजत नाही, मशीनमधलं समजते.

पहिली गोष्ट, भाऊ, ती मशीन कोणता डबा चिकटवते ते विचारलं काय? फोल्डर-ग्लूअर साधी असली तर साइड पेस्टिंग करते, म्हणजे एक कड चिकटवते, फार तर लॉक-बॉटम (लॉक होणारा तळ). मिठाईचा चार कोपऱ्यांचा डबा त्यावर होत नाही, त्याले वेगळी अटॅचमेंट लागते, आन् तिचा भाव वेगळा. तुह्या मालात साइड पेस्टिंगचा माल किती, कोपऱ्यांचा किती, हे वहीत मांड. कोपऱ्यांचा माल निम्मा असला तर बायांचं काम जाते कुठं? उलट साधा माल मशीनवर गेला तर त्याइच्या हाताले भावाचं काम राहीन.

दुसरी गोष्ट, मशीनचा इसार द्यायची घाई काहून करून राहिला? शहरात ज्याच्याकडे ग्लूअर आहे त्याच्याकडून या राखीचा साधा माल जॉबवर्कवर चिकटवून घे. दर हजारी जास्त पडेल. पण मशीन आली तर तिले पोटभर काम आहे का नाही, हे एका सीझनमध्ये कळते. सीएनसी घ्यायच्या आधी मी असंच केलं होतं. मशीन उभी राहिली की हप्ता उभा राहत नाही, तो चालतच राहते.

माह्या पैशाचं म्हणशील तर मी बुटीबोरीतल्या मोठ्या कंपनीले माल देतो. आधी ९० दिवस वाट पाहायची. आता कंपनी ट्रेड्सवर आहे, म्हणजे बिलावर बँकांचा पैसा मिळते त्या ऑनलाइन बाजारावर. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्याइले त्यावर नोंदणी करावीच लागते. मी बिल टाकतो, कंपनी मान्य करते, बँका बोली लावतात, दोन-चार दिवसांत पैसा खात्यात. व्याज कंपनीच्या पतीवर ठरते, माह्या नाही, म्हणून स्वस्त. कंपनीनं पुढं बुडवलं तरी माह्या मागं कोणी येत नाही. तुह्या मिठाईवाल्याइले हे लागू नाही, पण उद्या मोठ्या ब्रँडचा माल घेशील तर पहिला प्रश्न हाच विचार.

इतवारीची_हिशेबनीस

हिंगण्याच्या भाऊंनी इसाराचं सांगितलं ते शंभर टक्के पटलं. आता बँकेचं.

तुम्ही १५ लाख एकत्र मागितले, तिथेच गाडी अडली. बँकेच्या दृष्टीनं ही दोन वेगळी कर्जं आहेत. माल भरायला कॅश क्रेडिट आणि मशीनला मुदत कर्ज. अर्जही दोन करा.

कॅश क्रेडिट मागताना आकडा मनानं सांगू नका. लहान उद्योगांसाठी नायक समितीची पद्धत बँका आजही वापरतात: वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल बँकेनं द्यावं, ५ टक्के तुमचे. ७० लाखांवर १४ लाख होतात. तुम्हाला ३ ते ५ लाखच हवेत, म्हणजे तुमची मागणी अवाच्या सवा नाही हे कागदावरच दिसतं. याचं व्याज वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतं. १२ टक्के धरा: राखीच्या महिनाभर आधीपासून दसऱ्यापर्यंत ३ लाख तीन महिने वापरले तर ९ हजार रुपये. मिठाईवाल्याचे पैसे आले की भरून टाका, दिवाळीच्या मालाला पुन्हा उचला. तुमच्या हंगामाला शोभेल असा ताल या कर्जाचा आहे.

घराच्या कागदांचं म्हणाल तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे (मार्च २०२६ पर्यंत ही मर्यादा १० लाख होती). त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसई या सरकारी योजनेची हमी घेता येते, तिला वार्षिक फी लागते. मुद्राच्या 'तरुण' गटातही १० लाखांपर्यंत मिळतं. शाखेत तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. शाखेतली माणसं वाईट नसतात, त्यांच्यावर कामाचा डोंगर असतो आणि अर्धवट फाइल सगळ्यात खाली जाते. जनसमर्थ पोर्टलवरूनही अर्ज टाकता येतो, तिथे जीएसटी आणि बँक स्टेटमेंट थेट तुमच्या संमतीनं ओढलं जातं.

आणि इथेच आईच्या खात्याचा प्रश्न येतो. तो क्यूआर याच आठवड्यात फर्मच्या चालू खात्यावर वळवा. आज अ‍ॅपवाल्याला तुमचा गल्ला दिसतो आणि बँकेला दिसत नाही, म्हणून अ‍ॅप दोन मिनिटांत देतं आणि बँक यादी देते. हिशेबाच्या दृष्टीनंही फर्मची विक्री दुसऱ्याच्या बचत खात्यात जाणं बरोबर नाही.

उधारीबद्दल एक काम करा. बिलावर उद्यम क्रमांक आणि 'मॅन्युफॅक्चरर, सूक्ष्म उद्योग' असं ठळक छापा. एमएसएमईडी कायद्यानं (सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा) लेखी करार नसेल तर १५ दिवस, असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत. उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. तुमच्या मिठाईवाल्याची सरकारकडे तक्रार करा असं मी मुळीच म्हणत नाही, तोही तुमच्यासारखाच आहे आणि पिढ्यांचे संबंध आहेत. पण १ एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षात वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्याच्या सीएनं हे त्याला एकदा समजावलं की मार्चच्या आधी तुमचा फोन उचलला जातो. मी माझ्या दोन छापखान्यांना एवढंच करायला लावलं आणि ७० दिवसांची उधारी ५० च्या आसपास आली. वीस दिवस लवकर पैसा येणं हे कोणत्याही कर्जापेक्षा मोठं आहे.

पाचपावलीतल्या ताईंबद्दल तुम्ही विचारलंत, मला फार बरं वाटलं. जॉबवर्कवर साधा माल दिलात तर त्यांना आधीच सांगा की कोणता माल कमी होणार आणि कोणता वाढणार. कोपऱ्यांच्या डब्याचा हजारी भाव वाढवून द्या, मशीनच्या हप्त्याआधी त्याचा हिशेब मांडा.

पुठ्ठेवाला_गांधीबाग

वही काढली. साइड पेस्टिंगचा माल साधारण ६० टक्के, कोपऱ्यांचा ४०. त्या मशीनवाल्याला फोन केला, चार कोपऱ्यांची अटॅचमेंट नाही म्हणाला. इसार थांबवला. वाडीकडे एकाचं ग्लूअर आहे, तो राखीचा साधा माल करून द्यायला तयार आहे. हजारी भाव आमच्यापेक्षा जास्त पडतो, पण त्यात दोन दिवसांत माल परत.

अ‍ॅपचं कर्ज घेत नाही. परताव्याचा अर्ज आणि ५ लाखांच्या कॅश क्रेडिटचा अर्ज करतो, मशीनचं दिवाळीनंतर बघू. ताई, परताव्याच्या अर्जाला काय काय लागेल?

इतवारीची_हिशेबनीस

त्या काळातली सगळी रिटर्नं भरलेली पाहिजेत, हे पहिलं. मग टू-बी, खरेदी-विक्रीच्या बिलांचं विवरण पोर्टलच्या नमुन्यात, परतावा २ लाखांच्या वर असेल तर सीएचं प्रमाणपत्र, आणि फर्मच्या नावाचं पडताळलेलं बँक खातं. खरेदीच्या प्रत्येक बिलासमोर माल की सेवा हे लिहावं लागतं, तिथे छपाईची बिलं 'सेवा' मध्येच टाका. चुकून मालात गेली तर अधिकारी त्रुटी काढून परत पाठवतात आणि सण निघून जातो. तुमचे रिटर्न भरणारे जे कोणी आहेत त्यांच्यासोबत बसूनच करा.

हिंगणा_टर्निंग

वाडीच्या ग्लूअरवर पहिला लॉट टाकशील तेव्हा हजार-दोन हजारच टाक आन् रात्रभर वजनाखाली ठेवून सकाळी उघडून पाय. लॅमिनेशनच्या डब्यावर साधा गोंद धरत नाही, कडेची पट्टी बिना लॅमिनेशनची सोडावी लागते. प्लेट बनवायच्या आधीच छापखान्यात सांगून ठेव. आन् दिवाळीनंतर मशीन पाहाले जाशील तवा आवाज दे, मी येतो. बेल्ट, बेअरिंग आन् गोंदाची टाकी मी पाहून देईन.